बारीक डोळ्यांचे घराणे

गेल्या पंधरवड्यात एक पंधरा वर्षांची मुलगी चष्म्याचा नंबर तपासून घेण्यासाठी माझ्या दवाखान्यात आली होती. तिचा केसपेपर जुना आहे. त्याच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात एक ओळ आहे : "पापण्या किंचित जड. काळजीचे कारण नाही. वाढीबरोबर सुधारेल."

ही ओळ चुकीची होती. तिच्यामुळे त्या बाळाचे सात महिने वाया गेले. आजच्या लेखात त्या सात महिन्यांविषयी आणि त्यानंतर काय झाले त्याविषयी लिहीत आहे. मुलीच्या व तिच्या घरच्यांच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही किरकोळ तपशील बदलले आहेत.

पहिली भेट

जुलै २०१० मधली गोष्ट. बाहेर मुसळधार पाऊस होता. दोन महिन्यांच्या बाळाला दुपट्यात गुंडाळून एक तरुण आई आणि बाळाची आजी आत आल्या. तक्रार एवढीच, की बाळ डोळे पुरते उघडत नाही.

मी काही विचारण्याआधीच आजींनी कारण सांगून टाकले. "गिराण लागलंय पोरीला. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी गिराण होतं, आन् ही बसली भाजी चिरत. किती सांगितलं, पण ऐकलं न्हाई."

१५ जानेवारी २०१० रोजी भर दुपारी सूर्यग्रहण झाले होते, हे खरे. बाळाची आई त्या वेळी पाचव्या महिन्यात होती. ती खाली मान घालून बसली होती. आजींचे बोलणे संपल्यावर ती हळूच म्हणाली, "डॉक्टर, हिच्या बाबांचे डोळेपण असेच बारीक आहेत."

मी हसून म्हणालो, "मग मुलगी बापावर गेली!" बाळ रडत होते. रडताना त्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते. मी बॅटरीच्या उजेडात जमेल तेवढे पाहिले. बुबुळे स्वच्छ होती, मोतीबिंदू नव्हता, डोळ्यांतून पू येत नव्हता. बाहेर पंचवीस पेशंट खोळंबले होते. मी वर दिलेली ओळ लिहिली आणि त्यांना निरोप दिला. ग्रहणाचा आणि डोळ्यांचा काही संबंध नसतो, असे आजींना सांगितले, पण जाता जाता. एवढ्याने त्या आईवरचा आरोप पुसला जाणार नव्हता.

आज विचार केला तर वाटते, रोगाचे निदान त्या आईने पहिल्याच वाक्यात माझ्या हातात ठेवले होते. मला ते ऐकू आले, पण मी ते ऐकले नाही.

नर्सबाईंची नजर

फेब्रुवारी २०११ मध्ये बाळ नऊ महिन्यांचे झाले. गोवराची लस टोचून घेण्यासाठी आई त्याला उपकेंद्रात घेऊन गेली. तिथल्या नर्सबाईंनी बाळाला मांडीवर बसवले, समोर खुळखुळा धरला आणि त्या थबकल्या. बाळ खुळखुळ्याकडे सरळ बघत नव्हते. मान मागे टाकून, हनुवटी वर करून, कपाळाला आठ्या घालून पापण्यांच्या खालून बघत होते. नर्सबाई म्हणाल्या, "हे बरोबर नाही. आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा."

त्या दिवशी आईबरोबर बाळाची आत्या आली होती. तिच्या कडेवर बाळ होते. दोघी दारात उभ्या राहिल्या आणि मी वर पाहिले. एकाच ठिकाणी दोन चेहरे होते : एक नऊ महिन्यांचा, दुसरा चौतिशीचा. दोघींचे डोळे सारखेच अरुंद, दोघींच्या पापण्या अर्ध्यावर आलेल्या, दोघींच्या हनुवट्या वर उचललेल्या, दोघींच्या कपाळावर त्याच आठ्या. शिकत असताना पाठ्यपुस्तकात पाहिलेले एक छायाचित्र मला झटकन आठवले. माझ्या तोपर्यंतच्या व्यवसायात असा पेशंट मी ओळखून पाहिलेला नव्हता.

"तुमच्या घरात आणखी कोणाचे डोळे असे आहेत?" मी विचारले.

आत्या म्हणाली, "भावाचे आहेत. आमच्या अण्णांचे होते. गावात आम्हाला बारीक डोळ्यांचे घराणेच म्हणतात."

चार खुणा

या विकाराचे नाव लांबलचक आहे : ब्लेफरोफायमोसिस, टोसिस, एपिकँथस इन्व्हर्सस सिंड्रोम. डॉक्टर मंडळी त्याला थोडक्यात बीपीईएस म्हणतात. फ्रेंच नेत्रतज्ज्ञ व्हिन्ये यांनी १८८९ मध्ये त्याचे वर्णन केले होते. नाव अवघड असले तरी खुणा सोप्या आहेत. त्या चार आहेत आणि चारही जन्मापासून दिसतात.

पहिली खूण म्हणजे डोळ्याची फट आडवी अरुंद असणे. मोठ्या माणसात ही फट साधारण २५ ते ३० मिलिमीटर असते. या विकारात ती २० ते २२ मिलिमीटर भरते.

दुसरी खूण, वरची पापणी खाली पडलेली असणे. पापणी वर उचलणारा एक स्वतंत्र स्नायू असतो. तो या बाळांमध्ये नीट घडलेला नसतो. म्हणून बाळ कपाळाच्या स्नायूने भुवई वर ओढते आणि तिच्याबरोबर पापणी उचलू पाहते. कपाळावरच्या आठ्या त्यामुळे पडतात.

तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यावर कातडीची एक घडी असते आणि ती खालच्या पापणीतून निघून वर चढते. अनेक निरोगी तान्ह्या बाळांना नाकाजवळ अशी घडी असते, पण ती बहुधा वरून खाली उतरते आणि नाक वर आले की नाहीशी होते. पहिल्या भेटीत मी फसलो तो इथेच.

चौथी खूण, दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधले अंतर जास्त असणे.

या बाळांची बुद्धी सहसा इतर मुलांसारखीच असते. चेहरा झोपाळू दिसतो म्हणून त्यांना मंद समजले जाते, शाळेत मागे बसवले जाते. हा त्यांच्यावर अन्याय आहे.

पापणी पडण्याची इतर कारणे

पडलेली पापणी म्हणजे दर वेळी हाच विकार, असे मात्र मुळीच नाही. निदान करताना इतर शक्यता तपासाव्या लागतात. पुष्कळ बाळांमध्ये एकाच डोळ्याची पापणी जन्मतः कमजोर असते, बाकी डोळा सर्वसाधारण असतो. काही बाळांची पापणी दूध ओढताना जबड्याच्या हालचालीबरोबर टुणकन वर उडते. हा मज्जातंतूंच्या जोडणीतला दोष आहे आणि तो बहुधा आईच्याच लक्षात प्रथम येतो. कधी पापणीत रक्तवाहिन्यांची गाठ असते. पापणी सकाळी ठीक आणि संध्याकाळी पडलेली असेल, तर स्नायू थकण्याच्या आजाराची शंका घ्यावी लागते. जन्मतः ठीक असलेली पापणी अचानक पडली, किंवा एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा लहान-मोठी दिसू लागली, तर तो मेंदू वा मज्जातंतूच्या आजाराचा इशारा असू शकतो. अशा वेळी एक दिवसही थांबू नये.

म्हणून आईने काय पाहिले, कधी पाहिले, दूध पिताना काय होते, या प्रश्नांना यंत्राइतकेच महत्त्व आहे. बीपीईएसचे निदान तर मुख्यतः चेहरा पाहून आणि फूटपट्टीने मोजून होते. जनुकाच्या रक्ततपासणीने ते पक्के करता येते.

वडिलांचा डावा डोळा

पुढच्या रविवारी मी बाळाच्या वडिलांना मुद्दाम बोलावून घेतले. वय एकोणतीस, किराणा दुकानात कामाला. त्यांचेही म्हणणे घरातल्या इतरांसारखेच होते. "डॉक्टर, माझे डोळे जन्मापासून असेच आहेत. माझे काय अडले? मोठी झाली की होईल तीही ठीक."

मी त्यांना तक्त्यासमोर बसवले. उजव्या डोळ्याने त्यांनी शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचले. मग उजवा डोळा झाकला आणि डाव्याने वाचायला सांगितले. सर्वांत वरचे मोठे अक्षर तेवढे त्यांना दिसले. ते गोंधळले. चष्म्याची भिंगे बदलून पाहिली, फरक पडला नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "२००३ ला पोलीस भरतीत डोळ्यांत नापास झालो होतो. मला वाटले, पापण्या बघून काढले असेल."

त्यांच्या डाव्या डोळ्यात कोणताही रोग नव्हता. तो डोळा बघायला शिकलाच नव्हता. याला आम्ही 'आळशी डोळा' म्हणतो. जन्मानंतर मेंदू डोळ्यांकडून येणाऱ्या चित्रांवर बघण्याचे शिक्षण घेतो. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत हे शिक्षण चालते. त्यातही पहिली दोन-तीन वर्षे फार मोलाची. या काळात पापणीने बाहुली झाकली गेली, डोळ्याला मोठा नंबर असला किंवा डोळा तिरळा राहिला, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. पुढे पापणी उचलली, चष्मा दिला, तरी गेलेली नजर पुरती परत येत नाही.

त्या दिवशी वडिलांना जे समजले ते मी दहा व्याख्याने देऊनही समजले नसते. "म्हणजे हिचाही डोळा असा होईल?" एवढेच त्यांनी विचारले.

बाळाला तपासले तेव्हा तिचा डावा डोळा मागे पडू लागलाच होता. उजवा डोळा हाताने झाकला की ती हात ढकलून द्यायची आणि रडायची. डावा झाकला तर काहीच नाही. घरी हा प्रयोग कोणतीही आई करू शकते. एका डोळ्यावर हात ठेवल्यावर बाळ चालवून घेते आणि दुसऱ्यावर ठेवल्यावर चिडते, असे वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

आत्याचा प्रश्न

त्या रात्री मी जुने पुस्तक काढून पुन्हा वाचले आणि एका परिच्छेदापाशी थांबलो.

१९८३ मध्ये झ्लोटोगोरा आणि सहकाऱ्यांनी या विकाराचे दोन प्रकार दाखवून दिले होते. दुसऱ्या प्रकारात दोष फक्त पापण्यांपुरता असतो. पहिल्या प्रकारात मात्र बाधित स्त्रियांची बीजकोशाची क्षमता अकाली संपते. पाळी बहुधा वेळेवर सुरू होते, पण चाळिशीच्या आधी, काहींची तर विशीतच, ती अनियमित होऊन थांबते आणि मूल राहत नाही. पुरुषांच्या प्रजननक्षमतेवर परिणाम होत नाही. म्हणून अशा घराण्यांत विकार मुख्यतः पुरुषांकडून पुढे जातो. २००१ मध्ये याचे कारण सापडले. तिसऱ्या गुणसूत्रावरील फॉक्सएल-२ नावाचे जनुक गर्भात पापण्या घडवण्याच्या कामात असते आणि बीजकोशाच्या कामातही. एकाच जनुकातील बिघाड दोन ठिकाणी दिसतो तो यामुळे.

आत्याविषयी मी काहीच विचारले नव्हते. पुढच्या भेटीत ती आली तेव्हा सिस्टरना बरोबर घेऊन, बाजूच्या खोलीत, मी तिला पाळीविषयी विचारले. प्रथम ती संकोचली. मग तिने सांगितले ते असे. १९९६ मध्ये तिचे लग्न झाले. मूल राहिले नाही. विशीच्या मध्यापासून पाळी लांबत गेली आणि सत्ताविसाव्या वर्षी बंद झाली. अंगारेधुपारे झाले, नवस झाले. शेवटी सासरच्यांनी 'वांझ' म्हणून माहेरी आणून सोडले. तेव्हापासून ती शिवणयंत्रावर पोट भरत होती. गावात बारशाला, ओटीभरणाला तिला कोणी बोलावत नसे.

मी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. रक्तातील संप्रेरकांची तपासणी आणि सोनोग्राफी झाली. बीजकोश अकाली थकल्याचा अहवाल आला. तो तिला समजावून सांगितला. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "डॉक्टर, म्हणजे हा आजार होता?"

"हो ताई. जन्माच्या आधीपासूनचा."

"मग हे मला एका कागदावर लिहून द्याल? मराठीत?"

मी लेटरहेडवर पाच ओळी लिहून दिल्या आणि खाली सही केली. एका जनुकातील दोषामुळे यांचे डोळे अरुंद आहेत, त्याच दोषामुळे यांची पाळी लवकर बंद झाली, यात यांचा काहीही अपराध नाही. तिने तो कागद घडी घालून पोलक्यात ठेवला.

तिच्यासाठी वैद्यकीय उपचारही होतेच. पाळी इतक्या लवकर थांबली की हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. स्त्रीरोगतज्ज्ञांनी तिला संप्रेरकाच्या गोळ्या आणि कॅल्शियम सुरू केले. डोळ्यांच्या निमित्ताने हे उजेडात आले नसते, तर तेही राहून गेले असते.

आजींनाही मी समोर बसवून सांगितले, की नात जन्मली तेव्हाच नव्हे, तर आईच्या पोटात जीव धरला तेव्हाच हे ठरले होते. पाचव्या महिन्यातल्या ग्रहणाशी किंवा भाजीच्या विळीशी त्याचा काही संबंध नाही. सदोष जनुकाची एक प्रत आली तरी विकार होतो. म्हणून बाधित व्यक्तीच्या प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते. नाणे उडवण्यासारखे आहे, आणि नाणे दर वेळी नव्याने उडते. काही बाळांत तर घराण्यात कोणालाही नसताना हा बदल नव्याने होतो. आजी म्हणाल्या, "म्हंजी आमच्या मालकांकडनं आलं?" मी म्हणालो, "आजी, आता त्यांनाही बोल लावू नका. त्यांनी काही मुद्दाम दिले नाही." त्यांनी सुनेकडे पाहिले. बोलल्या काही नाहीत, पण बाळाला आईच्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतले.

उपचार

पहिली काळजी नजरेची. बाळाला अकराव्या महिन्यात चष्मा दिला. उजव्या, म्हणजे चांगल्या डोळ्यावर रोज ठराविक वेळ पट्टी लावायची होती, म्हणजे डाव्याला काम करावेच लागते. मुले पट्टी ओढून काढतात आणि आईबाप कंटाळून सोडून देतात. इथे ते काम आत्याने घेतले. शिवणयंत्राशेजारी पोरीला बसवून, रंगीत चिंध्या आणि बटणे खेळायला देऊन, तिने तीन वर्षे पट्टी सांभाळली.

शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत होतात. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांची दुरुस्ती बहुधा तीन ते पाच वर्षांच्या वयात करतात. त्यानंतर काही महिन्यांनी ते वर्षभराने पापणी उचलतात. पापणीचा मूळ स्नायू फारच दुबळा असल्याने ती कपाळाच्या स्नायूला टांगावी लागते. त्यासाठी सिलिकॉनची बारीक दोरी किंवा मांडीतील पापुद्र्याची पट्टी वापरतात. पापणीने बाहुलीच झाकली असेल, तर पापणीचे ऑपरेशन आधी करावे लागते. या मुलीच्या शस्त्रक्रिया मुंबईला २०१४ आणि २०१५ मध्ये झाल्या. नंतर काही काळ झोपेत डोळा थोडा उघडा राहतो. तो कोरडा पडू नये म्हणून रात्री मलम घालावे लागते. डोळे अगदी इतरांसारखे दिसतील, असे वचन कोणी देऊ नये. पण हनुवटी खाली येते, मान सरळ होते आणि मूल समोर बघू लागते.

पालकांनी लक्षात ठेवावे

१. सहा आठवड्यांनंतरही बाळ डोळे अर्धेच उघडत असेल, मान मागे टाकून बघत असेल, किंवा पापणी बाहुलीवर येत असेल, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. 'मोठे झाले की सुटेल' असे एकाने सांगितले आणि तरीही शंका उरली, तर पुन्हा दाखवा. एकाने सांगितले म्हणजे संपले नाही, मी सांगितले तरीही.

२. जाताना शक्यतो आई-वडील दोघांनी जावे. घरात कोणाचे डोळे तसे असतील तर त्यांना न्यावे. निदान लग्नातले जुने फोटो तरी न्यावेत. या घरातल्या अण्णांचा लग्नातला फोटो मी नंतर पाहिला. काळी टोपी, वर उचललेली हनुवटी, कपाळावर त्याच आठ्या.

३. डोळ्यांत काजळ, मध, एरंडेल किंवा आईचे दूध घालू नये. त्याने पापणी उचलत नाही, जंतुसंसर्ग मात्र होऊ शकतो.

४. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि त्याचा देशातील प्रारंभ आपल्या महाराष्ट्रात पालघरला झाला. या कार्यक्रमात वैद्यकीय पथकाने अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांना एकदा तपासायचे असते. पथक येईल तेव्हा मुलाला घरी ठेवू नका. शंका बोलून दाखवा.

५. मुलगी बाधित असेल, तर वयात आल्यावर स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. दोन प्रकारांतला फरक डोळ्यांवरून कळत नाही. घरातल्या स्त्रियांचा इतिहास आणि जनुकाची तपासणी यांची मदत होते.

पंधरवड्यापूर्वी ती मुलगी आली तेव्हा चष्मा लावून उजव्या डोळ्याने तिने शेवटची ओळ वाचली, डाव्याने तिच्या वरची. वडिलांच्या डाव्या डोळ्याला जे जमले नाही ते तिच्या डोळ्याला जमले. तेराव्या वर्षी तिची पाळी सुरू झाली आणि सध्या ठीक आहे. पुढे काय होऊ शकते हे तिच्या आईने आणि आत्याने तिला समजेल अशा शब्दांत सांगितले आहे. स्त्रीबीजे गोठवून ठेवण्याची सोय आता मोठ्या शहरांत आहे. तिच्या बाबतीत ते शक्य आहे का आणि केव्हा, हे स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून यथावकाश ती ठरवेल. तिला ठरवायला वेळ मिळाला आहे. आत्याला तो मिळाला नव्हता.

आत्या बाहेर बाकावर बसली होती. "तो कागद अजून आहे का?" मी सहज विचारले.

"आहे ना," ती म्हणाली. "झिजला होता, म्हणून प्लॅस्टिकमध्ये बसवून घेतला."